परक्या शून्यावर

११ मार्च

जिवंत आहे.

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. बरं वाटलं. अक्षर मुंग्यांनी मोर्चा काढल्यासारखं आलंय. संपादक म्हणेल, त्यात नवीन काय?

विमानाच्या उजव्या चाकाला चादर गुंडाळलेली होती! निळ्या फुलांची. ओली!

क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. बायको विमान चालवायला शिकवते. क्लबचं चार खुर्च्यांचं विमान, मोठ्या गाडीला पंख लावल्यासारखं. आज समुद्राकाठच्या क्लबला एक सुटा भाग पोचवायचा होता. म्हणाली, "चल की. माझ्या शेजारी बसायला पोरंपोरी रांग लावतात आणि माझा नवरा जमिनीवर बसून टोमणे मारतो." टोमणे मारण्यासाठीच मला वर्तमानपत्र पगार देतं, हे सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. गेलो. जीव मुठीत धरून.

जाताना तिने नियम सांगितला. विमान खाली उतरायला लागलं की ती बोट वर करणार. त्यानंतर मी गप्प. "शिंक आली तरी?" "गिळायची." आणि वर हेही — "तुझं एक वाक्य संपेपर्यंत माझी धावपट्टी संपेल." माझी वाक्यं लांब असतात. सगळेच सांगतात. लेखातली. इथे मी सुटसुटीत असतो, इथे छाप पाडायला कुणी नाही.

येताना हवा धुरकट होती. खाली सगळं राखेच्या रंगाचं. मी तिला रविवारचा लेख वाचून दाखवत होतो. झरोक्यातून वारा येत होता, कागद हातात ठरत नव्हते, कसेबसे सांभाळले. आणि ती हसत होती! घरी माझा लेख वाचताना ही बाई स्वल्पविराम मोजते. आज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला चेव चढला.

आणि मग खिडकीत गच्ची.

खाली नाही. खिडकीत! माझ्या खांद्याच्या रेषेत. एक बाई कपडे वाळत घालत होती, दोन्ही हात दोरीवर, दातात चिमटा धरलेला. तो चिमटा मला दिसला. चिमटा दिसावा इतके जवळ! मग इंजिन किंचाळलं, मला कुणीतरी खुर्चीत दाबलं, हिसका बसला, आणि आभाळच आभाळ.

बायकोने विमान फिरवून धावपट्टीवर आणलं. उतरवलं. एकेक बटण क्रमाने बंद केलं, घरी निजायच्या आधी गॅस बघते तसं. मग समोरच्या उंचीच्या काट्याकडे पाहत राहिली. आम्ही जमिनीवर उभे. काटा नऊशे फूट दाखवत होता.

"हे शून्य आपलं नाही," म्हणाली.

मला वाटलं, धक्क्याने बरळतेय.

१२ मार्च

बरळत नव्हती. क्लबचे मुख्य घरी येऊन समजावून गेले. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. बायकोही त्यांच्याच हाताखाली शिकली. त्यांनी कपबशी पुढ्यात ओढली.

"काट्याला उंची कळत नाही हो. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. शून्य कुठे धरायचं ते आपण बटण फिरवून सांगायचं. आमच्या क्लबची रीत — घरच्या धावपट्टीवर काटा शून्यावर ठेवायचा. म्हणजे दाखवेल ती उंची आपल्या जमिनीपासून. तिकडे समुद्रावर गेलं की तिथलं शून्य लावायचं. आणि परतताना, खाली उतरायला लागण्याआधी, पुन्हा आपलं."

"आणि नाही लावलं तर?"

"आपलं पठार समुद्रापेक्षा नऊशे फूट वर आहे." कप विमानासारखा वर धरला आणि खालची बशी उचलून त्याला टेकवली. "काटा म्हणतो हजार. पायलटला वाटतं, खाली हजार फूट आहेत. असतात शंभर. ते शंभर काल त्या टेकाडाने आणि वरच्या तीन मजल्यांनी खाल्ले."

मी कपबशीकडे बघत राहिलो. चहा प्यायची हिंमत झाली नाही.

वस्तादांना कळत नव्हतं ते एकच. ही चूक तिच्याकडून होऊच कशी शकते? कारण तिचा चिमटा! कपडे वाळत घालायचा, पिवळा, प्लास्टिकचा. सासूबाईंच्या टोपलीतून पळवलेला. परकं शून्य लावलं की ती तो चिमटा हातातल्या दांड्याला लावते. मी त्याला हँडल म्हणतो, ती म्हणते ही काय सायकल आहे? घरचं शून्य लावलं की मगच चिमटा काढायचा. चिमटा दिसतोय तोवर काट्यावर विश्वास नाही. तिचे सगळे विद्यार्थी आता तेच करतात. सासूबाई इतके दिवस ओरडत होत्या, "अगं, विमान वाळत घालता का तुम्ही तिथे?"

वस्तादांनी तिला हलकेच विचारलं, "चिमटा कुठेय? विमानात सापडला नाही."

"लावलाच नसेल," बायको म्हणाली. खिडकीकडे बघत.

वस्ताद गेल्यावर मला म्हणाली, "तुझी बॅग कुठे आहे?"

"ऑफिसात टाकून आलो सकाळी. का?"

"माझी पाण्याची बाटली आहे त्यात. घेऊन ये."

घरात डझनभर बाटल्या असतील. माणूस धक्क्यात काय काय धरून बसतो!

१३ मार्च

गच्चीवरच्या बाईंना भेटून आलो. हॉस्पिटलच्या लांबलचक खोलीत, शेवटच्या खाटेवर. विमान अंगावर येताना बघून मागे पडल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर कोपरापर्यंत. धंदा शिवणकामाचा! हे कळल्यावर मी तिथल्या स्टुलावर बसलो.

मी बायकोच्या वतीने माफी मागायला गेलो होतो. सुंदर मजकूर तयार केला होता. तो सुरू करायला तोंड उघडलं.

बाईच म्हणाल्या, "तुम्ही त्या खिडकीतले का हो? चष्मेवाले? तोंड उघडं टाकून बसलेले?"

"हो."

"तुम्ही मला बघून जास्त घाबरला होतात." मग हसल्या आणि हसताना कळ आली त्यांना. "चादर नवीन होती. एवढं सांगा बाईसाहेबांना."

"मशीनवर कधी बसता येईल?"

"डॉक्टर म्हणतात बसाल. कधी, ते म्हणत नाहीत."

बाहेर येऊन जिन्यात थांबलो. विनोदी लेखक जिन्यात रडतोय, अशी बातमी नको म्हणून चष्मा पुसत राहिलो.

१४ मार्च

तपास अधिकारी. किडकिडीत, डोकं बारीक, नजर आरपार. मी मनातल्या मनात त्यांचं नाव टाचणी ठेवलं. क्लबच्या ऑफिसात आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं.

टाचणी आवाज चढवत नाही. जास्त भीती वाटते.

"बाई, उंचीची चूक आहे. गंभीर आहे. पण चुका होतात, त्यासाठीच आम्ही आहोत. काही महिने जमिनीवर राहाल, पुन्हा शिकाल, पुन्हा परीक्षा द्याल, पुन्हा उडाल. जबाब मात्र खरा द्या. खोट्या जबाबाला आमच्याकडे दुसरी संधी नसते."

"कल्पना आहे," बायको म्हणाली. अर्थात आहे! ही बाई वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगते. चूक झाली तर आधी येऊन मला सांगा, लपवलीत तर माझ्या विमानात पाय ठेवायचा नाही. घरीही तेच. सासूबाईंनी शेजारणीच्या फोनवर "मी झोपलेय म्हणून सांग" म्हटलं, तर ही फोनवर म्हणाली होती, "आई जागी आहे, पण तिला बोलायचं नाहीये."

"चिमटा?"

"लावायचा राहिला."

"नक्की?"

"नक्की."

मग टाचणी माझ्याकडे वळले. "कॉकपिटमधल्या कशाला तुम्ही हात लावला होता? प्रवाशाने लावला असेल तर तो वेगळा गुन्हा होतो. त्यात एक बाई जखमी आहे, म्हणून विचारतो."

"साहेब, मी फक्त खुर्चीला हात लावला होता. तो अजून सुटलेला नाही."

टाचणी हसले नाहीत. बायको खिडकीकडे बघत होती. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

१५ मार्च

तिने चहा केला. पावडर घालायला विसरली. आम्ही तिघांनी ते गरम गोड दूध मुकाट्याने प्यायलं.

१६ मार्च

आज बोलली. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून.

"परत परीक्षा घेतली तरी मी शिकवणार नाही आता."

मी म्हटलं, काही महिन्यांचा प्रश्न आहे.

"महिन्यांचा नाही. हाताचा आहे. माझा हात न सांगता चिमटा लावायचा. आता तो लावतो की नाही, मलाच माहीत नाही. अशा हाताने दुसऱ्याच्या पोरांना वर न्यायचं?"

नळ तसाच वाहत होता. सासूबाई आल्या, नळ बंद केला आणि इतकंच म्हणाल्या, "जावईबापू, काहीतरी हसण्यासारखं बोला. एरवी नको तेव्हा बोलता."

मी फडकं घेऊन भांडी पुसली. आयुष्यात पहिल्यांदा.

निजताना तिने पुन्हा विचारलं, "बॅग आणलीस?" विसरलो होतो. चिडली! बाटलीसाठी!

१७ मार्च

हे कसं लिहू?

ऑफिसात गेलो. टेबलाखालून बॅग ओढली, बाटली आठवणीने आणायची म्हणून. बाटली नव्हतीच त्यात. रविवारचा लेख होता. कागद नीट एकावर एक. वरच्या कोपऱ्याला पिवळा चिमटा.

पिवळा. चिमटा.

खुर्चीत बसलो. उठलो. पुन्हा बसलो. शेजारच्या बातमीदाराने विचारलं, "काय झालं, कुणी गेलं का?" मी म्हटलं, "हो. मी."

वारा येत होता. कागद फडफडत होते. मग कागद फडफडायचे थांबले. का थांबले, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही! समोर दांड्यावर चिमटा होता, हात पुढे गेला, काढला, कागदांना लावला, वाचत राहिलो. जेवताना शेजारच्या ताटाजवळचं मीठ घ्यावं, तसं. आठवतसुद्धा नाही. अजूनही नाही! आठवतोय तो फक्त माझा आवाज. आणि तिचं हसणं.

तिने लावला होता. तिचा हात बरोबर होता. चुकला तो माझा.

आणि मी टाचणीसमोर बसून खुर्चीवर कोटी केली!

त्या बाईंचं मनगट. निळी चादर. दातात धरलेला चिमटा.

चिमटा खिशात घालून घरी आलो. तिला म्हटलं, बॅग सापडत नाही. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "जाऊ दे. टाकून दे ती. जुनी झाली आहे."

१८ मार्च

झोप नाही. सकाळी गच्चीत सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. चिमट्यांची टोपली माझ्या हातात दिली, "धरा जरा." एकेक चिमटा काढून त्यांना देत होतो. पिवळा आला की तो पुन्हा तळाशी ढकलायचो.

"सासूबाई, समजा चूक एकाची आणि भोगतोय दुसरा. पहिल्याने काय करावं?"

"पहिला कोण?"

"कुणीही. लेखासाठी विचारतोय."

"लेखासाठी असेल तर काहीही करा." ओल्या टॉवेलला एक झटका दिला. "खरंच असेल तर आधी घरात बोला, मग बाहेर."

शहाणी बाई आहे. पण मी घरात काय बोलणार होतो? सांगितलं तर ती मला जाऊ देणार नाही, एवढं ओळखतो तिला. म्हणेल, पायलट मी होते. आणि मला तिला तिचा हात परत द्यायचा होता. जाहीरपणे. टाचणीच्या तोंडून. तुमचा हात चुकला नव्हता, बाई.

खरं तर त्यात एक दृश्यही दिसत होतं मला. मी धीरोदात्त. ती डोळे पुसते. सवय वाईट असते, माणूस फाशी जातानाही वाक्य घासून ठेवतो.

दुपारी टाचणीकडे गेलो. चिमटा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. लेखी दिलं. त्यात एकही कोटी नाही! गुन्हा असेल तर घालावा, दंड करावा, नाव छापावं. मीच छापतो, म्हटलं.

टाचणींनी चिमटा पेन्सिलीच्या टोकाने थोडा सरकवला.

"हा दांड्यावर होता, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्हाला तर आठवत नाही म्हणता."

"दुसरीकडून येईल कुठून? आमच्याच टोपलीतला आहे. मी काही चिमटे खिशात घालून फिरत नाही."

"म्हणजे बाईंनी लावला होता."

"अर्थात! तेच तर सांगतोय!"

"आणि दांडा त्यांच्या डोळ्यांसमोर असतो."

"अं?"

"काही नाही. या तुम्ही."

१९ मार्च

हलकं वाटतंय. शिवणकामाच्या बाईंना नवी चादर नेऊन दिली. आधी फुलं बघितली, मग मला. "आधीची बरी होती," म्हणाल्या. त्यांना मी सगळं सांगितलं, चिमटा मीच काढला म्हणून. डाव्या हाताने चादरीची शिवण तपासली.

"काय वाचत होतात एवढं?"

"विनोदी लेख."

"एवढा चांगला होता?"



२० मार्च

तिला टाचणींनी बोलावलंय. उद्या. बिचारी काळजीत. मी गुपित गिळून बसलोय. उद्या येईल ती मान ताठ ठेवून!

२१ मार्च

आली. चपला काढल्या. पाणी प्यायली. सासूबाईंनी ताट वाढलं, ते जेवली. पूर्ण.

मग मला म्हणाली, "तू गेला होतास त्यांच्याकडे."

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"नाही."

"बघ! म्हणूनच. आता तरी हातावर भरवसा बसला ना? तू लावला होतास!"

तिने तो हात टेबलावर पसरला. उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. उठून आत गेली.

एवढंच? निदान चिडावं तरी! इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काही सरळ केलं, आणि हिला त्यात काय खुपलं? सासूबाई ताट उचलत पुटपुटल्या, "सांगितलं होतं, आधी घरात." यांना कुणी सांगितलं?

माझ्या खिशात एक छोटी रिकामी जागा आहे, चिमटा होता तिथे. सारखा हात जातो.

२२ मार्च

सकाळी स्वतःच सांगितलं तिने. गच्चीत. आवाज सरळ, विद्यार्थ्यांना सांगते तसा.

"तू चिमटा काढलास तेव्हा मी बघत होते. काट्याचं बटण तेव्हाच फिरवायचं होतं. म्हटलं, ह्याचं वाक्य संपू दे, मग फिरवते. ते संपलं नाही."

"मग त्या साहेबांना 'लावायचा राहिला' असं का —"

"प्रवाशाने काढला म्हटलं असतं तर तू आत गेला असतास. आणि गेला नसतास, तरी तुला पुन्हा एक ओळ लिहिता आली नसती. भांडी विसळताना हाताचं बोलले, तेही चिमटा लावलाच नव्हता हे तुला खरं वाटावं म्हणून. त्यांनी काल विचारलं, माहीत होतं का तुम्हाला. दोनदा नाही बोलता येत मला खोटं."

परवाना रद्द. कायमचा. उंचीसाठी नाही. जबाबासाठी.

जन्मात एकदाच खोटं बोलली. माझ्यासाठी. ते मी लेखी देऊन आलो.